पाच मिलिमीटरचं वर्णन

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैत खरा पाऊस ऑक्टोबरात येतो. सह्याद्रीकडचा आपला पाऊस परतीला लागतो, तेव्हा इथला सुरू होतो. दोन-तीन दमदार सरी झाल्या की सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीतले कुंपणावरचे दिवे किड्यांनी गजबजून जातात. मोठे पतंग दिव्याला धडका देत राहतात आणि सकाळी झाडूखाली येतात. त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. माझं लक्ष असतं ते भिंतीच्या खालच्या अंगाला, उजेड विरत जातो तिथे बसलेल्या बारक्यांकडे. रंगाचा डाग समजून कुणीही सोडून देईल, असे ते असतात. रात्रपाळीचा रखवालदार मला टॉर्च घेऊन ओणवा झालेला पाहतो आणि मायेनं सांगतो, ‘‘वेरुम पूच्चि, सार.’’ नुसता किडा आहे, साहेब.

या पावसात वारंवार दिसणारा एक आहे. पंख मिटून बसला की डोक्यापासून पंखांच्या टोकापर्यंत जेमतेम पाच मिलिमीटर. भिंग लावलं की तो उलगडायला लागतो. डोक्यावर हळदुव्या खवल्यांचा दाट थर. पुढचे पंख राखी. पण राखी एवढं म्हणून भागत नाही. मुळाशी रंग गव्हाळ आहे. मध्यावर दोन तिरके आमसुली डाग आहेत, त्यांतला एक काठापर्यंत पोचतो आणि दुसरा अर्ध्यावर थांबतो. टोकाकडे शेवाळी झाक आहे, ती टॉर्चचा कोन बदलला की नाहीशी होते. म्हणजे तो रंग नव्हेच, खवल्यांच्या घडणीतून उजेड फुटून येतो तेवढाच. पंखांच्या कडेला लांब केसांची झालर. तोंडाजवळचे दोन टोकदार अवयव वर वळून डोळ्यांच्या पुढे आलेले, मिशा पाठीवर मागे टाकलेल्या. फुंकर घातली तर उडत नाही. एक पाऊल सरकतो आणि पुन्हा तसाच बसून राहतो.

त्याचं नाव मी सांगू शकत नाही. शंभर वर्षांपूर्वीच ते कुणी देऊन ठेवलं असेल, किंवा अजून कुणीच दिलं नसेल. भिंतीवर बसलेला पाहून हे ठरत नाही. जगात पतंगांच्या साधारण एक लाख साठ हजार जातींना नावं मिळाली आहेत. एकट्या भारतात दहा हजारांहून जास्त. फुलपाखरं आपल्याकडे तेराशेच्या आसपास आहेत आणि त्यांची सुंदर पुस्तकं आहेत. पतंगांमधले हे बारके मात्र इतके, आणि एकमेकांशी इतके मिळतेजुळते, की त्यांच्यातल्या एकाला ओळखायचं म्हटलं तरी आयुष्य वाहिलेलं माणूस लागतं.

मी वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मोजमापाचं काम करतो. मायक्रॉनमध्ये बोलणं हा आमचा रोजचा व्यवहार. आमच्याकडे ड्रॉइंग आधी असतं आणि वस्तू मागून येते. वस्तू ड्रॉइंगबरहुकूम नसेल तर ती बाद. नव्या जातीचं वर्णन लिहिणाऱ्याकडे हा क्रम उलटा असतो. वस्तू समोर असते, परिपूर्ण असते, आणि तिचं ड्रॉइंग शब्दांत करायचं असतं. वर्णनात चूक झाली तर वर्णन बाद, पतंग नव्हे. या उलट्या क्रमाचा मला फार आदर वाटतो.

हे काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. बारीक पतंगाचे पंख फसवे असतात. दोन वेगळ्या जातींचे पंख डोळ्यांना अगदी सारखे दिसू शकतात, आणि एकाच जातीतले दोन पतंग वेगळे. म्हणून अभ्यासक पोट अलगद सोडवून घेतो आणि कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्के द्रावणात भिजवतो. आतला मऊ भाग विरघळून जातो, उरतो तो कायटिनचा टणक सांगाडा. मग सूक्ष्मदर्शकाखाली मऊ कुंचल्यानं चिकटलेले खवले झाडायचे, जननेंद्रियांचा भाग उलगडायचा, त्याला रंग द्यायचा आणि काचपट्टीवर बसवायचा. नराच्या पकडीची कड कुठे वाकते, मादीच्या आतल्या पिशवीत काटा आहे की नाही, यावर जात ठरते. पंख पसरण्याचं काम त्याहून नाजूक. टाचण्या केसाएवढ्या बारीक, आणि पंखाला बोट लागलं की खवले गेले. खवले गेले की रंगाची नोंद गेली. अलीकडे याला डीएनएची जोड मिळाली आहे. सीओआय या जनुकाचा साधारण 658 अक्षरांचा तुकडा वाचून तो इतरांशी ताडून पाहतात. पण त्या अक्षरांनी मदत होते, वर्णन होत नाही. वर्णन अजून माणसालाच लिहावं लागतं: डोकं, मिशा, छाती, पुढचा पंख, मागचा पंख, पाय, पोट, याच संथ क्रमानं. आणि शेवटी, जवळच्या भाईबंदांपासून हा नेमका कुठे वेगळा.

एवढं झालं की सगळ्या नमुन्यांतून एक निवडून त्याच्यावर जातीची जबाबदारी टाकतात. त्याला होलोटाइप म्हणतात आणि त्याला बहुतेक ठिकाणी लाल चिठ्ठी लागते. पुढे कधीही, कुठल्याही देशात, कुणाला शंका आली तर निवाडा त्या एका वाळलेल्या पतंगापाशी होतो. आपल्या 2002 च्या जैवविविधता कायद्यात तर लिहूनच ठेवलं आहे की नवी जात सापडली तर ठरलेल्या संग्रह-संस्थेला कळवायचं आणि नमुना तिथे ठेवायचा. त्या टाचणीखाली दुसरी एक साधी चिठ्ठी असते. देश, राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, कुणी पकडला, दिव्यावर की झाडावर. या दुसऱ्या चिठ्ठीत माझा जीव अडकतो. ज्या गावचा होलोटाइप, ते गाव त्या जातीचं मूळ ठिकाण म्हणून कायमचं छापलं जातं. मग गावाचं काही का होईना.

असंच एक गाव भडोच. विदर्भातला प्रत्येक कापूसवाला ज्या किड्याला ओळखतो, त्याची शास्त्रातली नोंद तिथून सुरू होते. 1842 च्या सुमारास भडोचच्या सरकारी कापूस-मळ्यातून काही बारीक पतंग लंडनला पाठवले गेले. तिथे विल्यम विल्सन सॉन्डर्स या गृहस्थांनी त्यांचं वर्णन लिहिलं. सॉन्डर्स लॉइड्समध्ये विम्याचा व्यवसाय करत, बागा आणि किडे हा त्यांचा ध्यास. ऐन तारुण्यात ते थोडा काळ हिंदुस्थानात फौजेत होते, पण कापसाचं ते शेत काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. वर्णन जेमतेम दोन पानांत मावलं. पतंग करडा-तपकिरी, अंगानं दिसायला अगदी सामान्य. जातीच्या नावात कापूस आला: गॉसिपिएला. हीच आपली गुलाबी बोंडअळी.

माझं मूळ गाव यवतमाळकडे. तिथे हा पतंग कुणी निरखून पाहत नाही, कारण तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दिसते ती डोमकळी, पाकळ्या आतून जाळीनं बांधल्या गेल्यामुळे न उमललेलं फूल. दिसतं ते वरून धडधाकट आणि आतून पोकळ बोंड. 2002 साली बीटी कापूस आला तेव्हा या अळीचा प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं. पुढे दोन जनुकांचं बियाणं आलं. अळीनं दोन्हींना पचवलं. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिनं जो घात केला तो अजून ताजा आहे. आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आज शेतात जे कामगंध सापळे लावतात ते चालतात कसे? याच जातीच्या मादीचा गंध ओळखून तो प्रयोगशाळेत बनवला म्हणून. दुसऱ्या जातीचा गंध लावला तर हा नर फिरकणारही नाही. म्हणजे बांधावरच्या त्या प्लॅस्टिकच्या सापळ्यामागे भडोचच्या त्या टाचणीपासून चालत आलेली ओळख आहे. नाव ठेवल्यानं अळी मेली नाही हे खरं. पण ओळख पटल्याशिवाय तिच्याशी झुंजायचं कशाच्या बळावर?

दुसरं उदाहरण प्रत्येकाच्या परसात आहे. कागदी लिंबाच्या कोवळ्या पानावर चांदीच्या रंगाची नागमोडी वाट दिसते ना, ती नागअळीची. ती पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली राहते आणि पेशींतला रस पीत पुढे सरकते. मागे वाटेच्या मधोमध विष्ठेची काळसर रेघ सोडते. वाढ पुरी झाली की पानाची कड दुमडून घेते आणि तिथे कोष करते. बाहेर येणारा पतंग पंख पसरून चार-पाच मिलिमीटरचा, रुपेरी पांढरा, आणि पुढच्या पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. याचं पहिलं वर्णन 1856 चं. कलकत्त्याहून ऍटकिन्सन यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून हेन्री स्टेन्टन यांनी ते इंग्लंडात बसून लिहिलं. हेच स्टेन्टन बारीक पतंगांवरचा तेरा खंडांचा ग्रंथ चार भाषांत काढत होते. एवढ्याशा जिवांसाठी चार भाषा! हा अट्टहास मला मनापासून आवडतो. पुढे ही नागअळी जगभर गेली. 1993 साली अमेरिकेच्या फ्लोरिडात पोचली तेव्हा तिथल्या लोकांना ती कोण हे शोधत बसावं लागलं नाही. कलकत्त्याच्या लिंबावरून लिहिलेलं वर्णन हाताशी होतं.

टोमॅटोवरच्या नागअळीचंही तसंच. 1917 मध्ये एडवर्ड मेरिक यांनी पेरूमधल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. मेरिक हे इंग्लंडातल्या मार्लबरो इथले शाळामास्तर. त्यांनी दहा हजारांहून जास्त बारीक पतंगांची वर्णनं लिहिली, त्यांत हिंदुस्थानातलेही पुष्कळ. 2014 साली पुण्याच्या परिसरात टोमॅटोच्या शेतात ही अळी पहिल्यांदा हाती लागली, तेव्हा जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीपर्यंत मागं जाता आलं.

आता माझ्या मनातली खंत सांगतो. भडोचचा कापूस, कलकत्त्याचं लिंबू, नारळ, वांगं, बटाटा, साठवणीचा तांदूळ: ज्यानं आपलं नुकसान केलं त्याची ओळख आपण चोख ठेवली. त्याच्या अंड्यांचा आकार, अळीच्या कातींची संख्या, कोषाचे दिवस, सगळं पाठ्यपुस्तकात आहे. ज्यानं कुणाचंच काही बिघडवलं नाही, तो भिंतीवर बसून राहिला. हॅम्पसन हे नीलगिरीत चहाचे मळेवाले होते. 1892 ते 1896 या काळात त्यांनी हिंदुस्थानच्या पतंगांवर चार खंड लिहिले. आजही ते पायाभूत मानले जातात, पण बारक्यांची कित्येक घराणी त्यांत आलीच नाहीत. बेनब्रिग फ्लेचर यांचं दक्षिणेतल्या किड्यांवरचं पुस्तक 1914 मध्ये मद्रासच्या सरकारी छापखान्यातून निघालं. पुढे पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत असताना त्यांनी बारीक पतंगांच्या अळ्या पाळून त्यांची जीवनचरित्रं लिहून काढली. मोठ्या मनाचं काम. पण तेही शेतीच्या खात्यातून झालेलं, पिकाच्या काळजीनं सुरू झालेलं. तरवडाच्या शेंगेत, रुईच्या बोंडात, तळ्याकाठच्या गवताच्या खोडात राहणाऱ्यांचं चरित्र कोण लिहिणार? रात्री उमलणाऱ्या फुलांवर जाणारे हेच. शिंपी पक्षी पिल्लांच्या चोचीत भरवतो त्या अळ्या यांच्याच. वटवाघळांचं जेवण म्हणजे हेच. निरुपद्रवी असणं हा दुर्लक्षाचा परवाना कसा काय झाला, हे मला अजून उमगत नाही.

याच वसाहतीचं पाहा. 1990 साली इथे मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक सुरू झाला. 1996 पासून ह्युंदाईचा कारखाना उभा राहू लागला, आणि त्याच्या मागोमाग सुट्या भागांचे कारखाने आले. माझी भाकरी त्यातूनच येते, आणि मी ती कृतज्ञतेनं खातो. अलीकडे श्रीपेरुंबुदूर, पलीकडे चेंबरमबाक्कमचा तलाव, मधून जाणारा हमरस्ता तोच, जो पुढे बंगळूर, कोल्हापूर, सातारा करत पुण्या-मुंबईला पोचतो. कारखान्यांच्या मागे अजून थोडी मोकळी जमीन आहे: वेडी बाभूळ, ताड, मधूनच तरवडाची पिवळी फुलं, पावसात भरणारी उथळ डबकी. या तुकड्यात पूर्वी काय होतं याची यादी नाही. आता काय आहे याचीही नाही. जमीन कारखान्याला देताना तिचं मोजमाप होतं, सर्व्हे नंबर असतो, मातीची परीक्षा होते. तिच्यावर राहणाऱ्या पाच मिलिमीटरवाल्यांचा रकानाच नसतो.

पुण्याची यादी मात्र आहे. कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी 1885 मध्ये मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांवर लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. पुणं त्यांच्या संग्रहाचं मोठं ठिकाण. त्याच्या दोन वर्षं आधी, 1883 मध्ये, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. तिच्या आठ संस्थापकांत हे स्विन्हो होते, साताऱ्यात जन्मलेले एटकिन होते, आणि दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. समाजसुधारणेच्या धामधुमीत या माणसांना किड्यामुंग्यांसाठी एक संध्याकाळ काढावीशी वाटली, याचा मला अभिमान आहे. आज त्या पुण्याच्या माळांवर काय उरलंय ते ताडून पाहायचं तर पाहता येतं, कारण कुणीतरी लिहून ठेवलं होतं. इरुंगाट्टुकोट्टैचं काय ताडून पाहायचं?

लोक विचारतात, नवीन जात सापडायला अजून बाकी आहे का? बाकी आहे, आणि कधी कधी ती संग्रहालयाच्या खणातच असते. 2017 मध्ये कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या हद्दीतला एक बारका पतंग जगभर बातमीत आला. वाझरिक नझारी या शास्त्रज्ञानं संग्रहातले नमुने तपासताना तो वेगळा असल्याचं ओळखलं आणि डोक्यावरच्या पिवळट-पांढऱ्या खवल्यांवरून त्याला त्या वेळी अमेरिकेच्या अध्यक्षपदी येणाऱ्या डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव दिलं. लोक नावावर बोलत बसले. नझारींचा हेतू वेगळा होता: त्या पतंगाचा नाजूक अधिवास राखला जावा, याकडे लक्ष वेधायचं होतं. गुलाबी बोंडअळीच्या आणि टोमॅटोच्या नागअळीच्याच कुळातला तो पतंग. कुणाच्या पिकावर गेला नाही, म्हणून इतकी वर्षं थांबला.

दिव्याबद्दलही सांगायला हवं. पतंग दिव्यावर भाळतो, जळून जातो, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आणि त्यावर गाणीही रचली. 2024 च्या जानेवारीत ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक शोधनिबंध आला, सॅम्युएल फॅबियन आणि आपले यश सोंधी हे त्यात आघाडीवर. वेगवान कॅमेऱ्यांनी टिपून त्यांनी दाखवलं की उडणारा किडा पाठ उजेडाकडे करून तोल सांभाळतो. रात्रीचं आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून लाखो वर्षं ही युक्ती बिनचूक चालली. आपण जमिनीलगत दिवे लावले, आणि त्याची वर-खालीची समजच हरवली. तो दिव्याभोवती फिरत राहतो, कारण पाठ सतत त्या दिव्याकडे वळत राहते. हे वाचल्यापासून कुंपणावरच्या त्या गर्दीकडे मला पूर्वीसारखं कौतुकानं पाहवत नाही. रात्रपाळी सुरू असताना गरजेचे दिवे हवेतच. पण मोकळ्या जागेकडे तोंड केलेले, कुणाच्याच उपयोगाचे नसलेले दिवे आमच्या वसाहतीत पुष्कळ आहेत, आणि ते विझवायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

माझ्यासारख्या माणसाला होलोटाइप निवडायचा अधिकार नाही, तसं शिक्षणही नाही. पण चिठ्ठीवरचा अर्धा मजकूर आपण कुणीही लिहू शकतो: जागा, तारीख, वेळ, आसपासचं झाड. कृष्णमेघ कुंटे, संजय सोंधी आणि त्यांचे सहकारी ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ चालवतात. आयनॅचरलिस्टवर कुणालाही नोंद टाकता येते. तिथे बारक्यांचे फोटो येतात ते फार थोडे, आणि अळी कुठल्या पानावर होती हे लिहिलेलं तर क्वचितच. जाणकाराला खरी मदत होते ती त्या पानाच्या नावाची.

तेव्हा एवढं करा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळतात; त्यातली एक रात्र गॅलरीतल्या दिव्याखाली पांढरं कापड टांगा, तासाभरानं भिंग घेऊन कापडाचा खालचा कोपरा पाहा आणि नंतर दिवा आठवणीनं मालवा. परसातल्या झाडावर पोखरलेलं पान दिसलं तर ते खुडून फेकू नका. झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत ठेवा, झाडाचं नाव आणि तारीख चिकटवा, आणि आतून कोण बाहेर येतं त्याची वाट पाहा. जो येईल त्याचा फोटो, रंगाचं दोन ओळींचं वर्णन आणि त्या झाडाचं नाव, तिन्ही एकत्र पाठवा.